पोटरीतलं कणीस

"ह्या घरात डोळ्याला दिसलं की लगेच तोंडानं बोलायचं न्हाय, सूनबाई. एक दिवस जाऊ द्यायचा," असं सासूबाईंनी, सिद्धम्मांनी, मला लग्नाच्या पहिल्याच महिन्यात बजावलं होतं. "आमचा ईरप्पा ऐकतो अर्धं आणि हात उचलतो पुरा." मी हसून सोडून दिलं. सोलापूरच्या कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली गवतांची फुलं सोलत मी वनस्पतिशास्त्राची पदवी घेतलेली. दिसलेलं बोलायचं नाही तर शिकले कशाला?

ईरप्पा म्हणजे माझे थोरले दीर, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. चौऱ्याहत्तरच्या रब्बीला त्यांनी मैंदर्गीच्या रानात संकरित ज्वारीच्या बियाण्याचा प्लॉट धरला. मादीच्या चार ओळी, नराच्या दोन, पुन्हा मादीच्या चार. या मादीच्या फुलातही परागकोश असतात, पण सुकलेले, पांढुरके, आत काही नसलेले. वाऱ्यावर नराची पिवळी भुकटी आली तरच तिच्यात दाणा भरतो. मादीच्या ओळीत एखाद्या झाडाला पिवळे, भरलेले परागकोश दिसले तर ते झाड ऊन चढायच्या आत उपटायचं. हजारात एखादं चालतं. जास्त निघाली तर तपासणीचे साहेब अख्खा प्लॉट रद्द करतात. हे ओळखायला घरात मी एकटीच, म्हणून अण्णांनी मला पेरणीलाच सोलापूरहून बोलावून घेतलं. यजमान नोकरीमुळे तिथंच राहिले. मी सहा महिन्यांची लेक घेऊन गेले.

लेक माझ्याखेरीज एकाच माणसाकडे गप राहायची. चंद्रव्वाकडे. ती आमच्या रानात रोजानं येणारी.

साहेब यायचे त्या दिवशी उजाडताना मी भिंग घेऊन ओळीत शिरले. बांधावर चंद्रव्वा लेकीला खेळवत होती. "बघ गं बाय, तुजी आई गवताचं तोंड बघती, तुजं बघंना! गवताला दूध पाजायची हाय जणू."

मला हसायला वेळ नव्हता. पहिलं कणीस बोटानं हलवलं आणि नखावर पिवळी भुकटी पडली. शेजारच्यालाही तेच. वीस पावलांत अकरा झाडं निघाली.

"अण्णा! मादीच्या ओळीत नर शिरलाय!" मी ओरडले. "नांग्या भरताना बी बदललंय!"

पेरणीनंतर जिथं उगवत नाही त्या मोकळ्या जागा म्हणजे नांग्या. आठ-दहा दिवसांनी बायका तिथं हातानं बी टोकतात. आपल्या घरच्या रानात कुठलंही बी चालतं, इथं चालत नाही.

अण्णा खोरं घेऊन आले. "नांग्या कुणी भरल्या?"

"चंद्रव्वानं," मी म्हणाले. तोंडी परीक्षेत उत्तर द्यावं तसं, चटकन. वर पुढंही बोलले, "तिच्या पदराला दोन गाठी होत्या, एक नराच्या बियाची, एक मादीच्या. मी बघितलंय."

अण्णांनी हाताला लागतील ती झाडं उपटायला सुरुवात केली. बरीवाईट काही न बघता. मुळांसकट, मातीसकट, बांधाकडे सरकत. शेवटचं झाड त्यांनी चंद्रव्वाच्या तोंडावर फेकलं.

"मालक, मी न्हाय! माजं बी अजून पोटरीत हाय की! बघा तरी!"

"तोंड वर करून बोलतीस?" त्यांनी खोऱ्याचा दांडा उगारला. तो वरच थांबला, कारण तिच्या छातीशी माझी लेक होती. "पोर खाली ठेव."

तिनं ठेवली नाही. उलट घट्ट धरली. दांडा तसाच वर होता.

मी धावले आणि लेक तिच्याकडून ओढून घेतली.

लेकीच्या मुठीत चंद्रव्वाच्या गळ्यातली काळी पोत अडकली होती. तिनं ती मूठ हळूच सोडवली, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि लगेच दांडा खाली आला. पहिला घाव तिनं उजव्या मनगटावर घेतला. वाळला कडबा मोडतो तसा आवाज झाला. दुसरा खांद्यावर. ती मादीच्या ओळीत आडवी पडली, अंगाखाली ज्वारीची ताटं मोडली, आणि पडताना फुटलेल्या कपाळावरच्या रक्तावर ती पिवळी भुकटी येऊन बसली. तिसरा पाठीत. "यव्वा," एवढीच आईला हाक तिनं मारली. लेक माझ्या कानात किंचाळत होती.

तेव्हा कुठं तिचा शब्द माझ्या डोक्यात शिरला. पोटरीत.

कणीस बाहेर पडण्याआधी वरच्या पानाच्या देठात मिटून असतं, त्याला पोटरी म्हणतात. नांग्यांतलं बी दहा दिवस मागून टोकलेलं, ते आज फुलणारच नव्हतं. मी लेकीला काखोटीला मारून एका नांगीकडे पळाले. तिथली पोटरी दातांनी फाडली. आत हिरवं, कोवळं, न उमललेलं कणीस. दुसरी फाडली. तेच. पिवळी झाडं शेजारच्या मादीसारखीच होती, तिच्याच दिवशी पेरलेली, तिच्याच दिवशी फुललेली. भेसळ बियाण्याच्या पोत्यातूनच आली होती.

"अण्णा, थांबा! चूक तिची नाही! बघा, ही मागची आहेत!"

अण्णांनी फाडलेल्या पोटरीकडे बघितलं. त्यांना कळलं. शेतकऱ्याला ते माझ्याआधी कळायला हवं होतं.

"मग आता काय करू?" ते धापा टाकत म्हणाले. "तिच्या पाया पडू?"

गलका ऐकून तिचा नवरा भिमा धावत आला. मला वाटलं आता तो मालकाच्या अंगावर जाईल. तो मालकापुढं हात जोडून उभा राहिला, मग वळला आणि खाली पडलेल्या बायकोला लाथ घातली. "मालकाचं बी बुडवलीस व्हय गं!" मी ओरडून सांगत होते, तिनं काही केलं नाही, तिनं काही केलं नाही. त्यानं तिला त्याच मोडक्या हाताला धरून उठवलं आणि ओढत नेलं. दुपारी साहेब आले, त्यांनीही बी मुळातच मिसळलेलं असं लिहून दिलं आणि प्लॉट रद्द केला. तिच्याबद्दल कुणी विचारलं नाही. मीही तेव्हा बोलले नाही.

संध्याकाळी मला एसटीत बसवून दिलं. आता लेक चालते. यजमान म्हणतात, तिकडं जायचं नाही, अण्णा दुखावतील. सासूबाईंना पत्रातून दोनदा विचारलं. दोन्ही वेळा एकच उत्तर आलं: चंद्रव्वा माहेरी गेली. पण तिचं माहेर बहात्तरच्या दुष्काळात उठून गेलं, मागं कुणी उरलं नाही, हे तिनंच मला सांगितलं होतं.

तुमच्यापैकी कुणी अक्कलकोटवरून मैंदर्गीला जाणार असाल तर भिमाचं घर विचारा. तो म्हणेल, बरी हाय. तेवढ्यावर माघारी फिरू नका. प्यायला पाणी मागा आणि ते कोण आणून देतं ते बघा. चंद्रव्वानं आणलं तर तांब्या कुठल्या हातात आहे ते बघा. ती बाहेर आलीच नाही तर शेजारणीला गाठा, बाईलाच विचारा, पुरुषाला नको. काय दिसेल ते मला कळवा.