दुखत नाही, म्हणाले भंते

थायलंडचे भंते प्रसित वर्षावासासाठी आमच्या गावच्या विहारात राहायला आले. त्यांना मराठी येत नव्हती, मला थाई. आमचं काम तोडक्यामोडक्या इंग्रजीवर चाले. ते म्हणत नाम, मग वॉटर. मी म्हणे पाणी. खाव म्हणजे राइस. रॉन म्हणजे हॉट. मी साठीनंतर बाराखडी गिरवली, हे शब्द तर नुसते कानानं शिकले. त्यांच्या तोंडी सारखं असे माय पेन राय, नेव्हर माइंड. भात करपला तरी तेच, छत गळलं तरी तेच.

त्या सकाळी मी भोजनदान घेऊन गेले. बाईनं भिक्खूला शिवायचं नसतं, हातात काही द्यायचंही नसतं. ते समोर कापड पसरतात, त्यावर वाटी ठेवून मी मागे सरते. आज कापड पसरलंच नव्हतं. भंत्यांनी हाताचा अंगठा पुढे केला.

"ङू," ते म्हणाले. "स्नेक."

अंथरुणात होता. करंगळीएवढा, असं बोटानं दाखवलं.

"जेप माय?" मी विचारलं. दुखतं का?

"माय जेप." नाही दुखत. वर हसले. "माय पेन राय."

अंगठ्याला सूज नव्हती, म्हणूनच मी त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं. माझी जाऊ शीला मण्यार चावल्यावर अशीच दुखत नाही म्हणत भाकरी थापत बसली होती. तिच्या पापण्या मिटू लागल्या, तेव्हा आम्हाला वाटलं झोप आली.

भंत्यांच्या पापण्या खाली येत होत्या.

गाव सगळं शेतात निंदणाला गेलेलं. मी वंदनेचा भोंगा लावला आणि ओरडले, "उकंडा, ऑटो आण! भंतेले साप चावला!"

ऑटोवाला उकंडा धावत आला, त्यानं त्यांना उचलून मागच्या सीटवर ठेवलं. "काकू, भंतेचं डोस्कं कोण धरन?"

"मीच."

"भंतेले चालन काय?"

"मंग काय मेल्यावर इचारू? चालव तू!"

मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. त्यांनी ते एकदा बाजूला सारलं. दुसऱ्यांदा सारायला जोर उरला नाही. लाळ पुसत, हनुवटी वर धरून मी विचारत होते, "भंते, नाम?"

"वॉटर."

"खाव?"

ओठ हलले, आवाज नाही. तालुक्याचं राळेगाव दिसायला लागलं तेव्हा ओठही थांबले होते.

दवाखान्यात घशात नळी घातली, इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, "श्वास मशीन देतंय. यांना सगळं ऐकू येतंय, पण डोळे उघडत नाहीत, बोट हलत नाही. आजी, घाबरू नका म्हणून सांगा त्यांना."

तो शब्द मला कोणी शिकवला नव्हता. नर्सबाई मोबाइलवर शोधू लागल्या, तर रेंज नाही. त्या जिवंत, गच्च मिटलेल्या चेहऱ्याआड काय चाललं असेल, कोण जाणे. मी कानाशी वाकले. पाणी म्हटलं, भात म्हटला, गरम म्हटलं. थाईत म्हटलं, इंग्रजीत म्हटलं. तेवढ्यातच माझं भांडार संपलं.

"थांबू नका, आजी," डॉक्टर म्हणाले.

"भेऊ नका, भंते," मी आमच्या बोलीत म्हणाले. "मी अठीच हाओ, तुमच्यापाशी." आणि मशीनकडे बघत बोलतच राहिले.