तळाचं काळं तेल

कारखान्याच्या खानावळीत मी बत्तीस वर्षं कढईपुढे उभा राहिलो. तेल कधी फेकलं नाही. कमी झालं की वर नवं ओतायचं. माझी पक्की समजूत होती, की तेलातला चिकटपणा पहिल्या घाण्यांतच निघून जातो आणि उरतं ते हलकं. त्याच कारखान्यात लेथ मशीनवर काम करणाऱ्या थोरल्या भावाला हृदयविकाराचा झटका आला आणि डॉक्टरांनी तेलतूप कमी करायला बजावलं, तेव्हा त्याच्यासाठी मी मुद्दाम तळाच्या काळ्या तेलात बटाटे तळून डबा पाठवू लागलो.

तीन महिन्यांत त्याच्या छातीत पुन्हा कळ आली. वहिनीने खानावळीत येऊन डबा माझ्या ओट्यावर आपटला.

"भाऊजी, हे कुठल्या तेलातलं?"

"जुन्या. त्यात आता काही राहिलेलं नाही."

"विष राहिलंय! एकच तेल पुन्हा पुन्हा कढवलं की बिघडतं म्हणाले डॉक्टर. ते खाऊन रक्तवाहिन्या आतून सुजतात. सुजल्या जागी चरबी साठते, ती फुटली की रक्ताची गाठ होऊन वाट अडते."

"आधी म्हणाले चरबी कमी करा, आता म्हणतात सूज. त्यांच्या जिभेला हाड आहे का?"

"तुमच्या डोळ्यांना तरी कुठे दिसतंय? याच्यापेक्षा डांबर परवडलं!"

रांगेतले कामगार खो खो हसले. माझं डोकं फिरलं.

"आणि तुम्ही जन्मभर लोणी चारलंत ते? तो सिगारेटी फुंकायचा त्या? खापर माझ्याच डोक्यावर?"

"लोणी बंद केलं. सिगारेट मी सोडवली. राहिला होता तुमचा डबा."

मी तडक दवाखाना गाठला. दादा भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"तुला चव कळली नाही?"

"कडू लागायचं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो होतो. तू म्हणालास, तू आपला लेथ सांभाळ, तळण मला शिकवू नकोस. तू ऐकतोस कुणाचं?"

"उद्यापासून ताज्या तेलात..."

"उद्यापासून डबाच नको. तिथे दोनशे माणसांना तेच खाऊ घालतोयस, त्यांचं बघ."

परत येऊन मी कढईखालचा जाळ बंद केला. तेल निवायला दोन तास लागले. ते ओतून टाकलं आणि कामगारांपुढे उकडलेले बटाटे ठेवले. त्यांनी शिव्या घातल्या, मी ऐकून घेतल्या. दादा बरा होऊन कामावर आला, पण माझ्या हातचं त्याने पुन्हा खाल्लं नाही.