गोदामाचं नाव

सुरभीनं आधीचं नाव खोडलं, नवं लिहिलं आणि संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. पुढं दुकानात गिऱ्हाइकं खोळंबली होती. कपाशी बोंडअळीनं खाल्लेलं ते साल. बियाण्याची तक्रार करायची तर बिल हवं, म्हणून आर्णीच्या आसपासच्या गावांतले लोक तिच्या सासऱ्यांच्या, विठ्ठलरावांच्या कृषी केंद्रात बिलाची दुसरी प्रत मागायला येत होते, आणि नेमकी छपाई अडली होती.

घरात तीन संगणक. एक पुढं दुकानात, एक मागं गोदामात आणि तिसरा मधल्या खोलीत, सुरभीनं माहेराहून आणलेला. प्रिंटर त्यालाच जोडलेला. वीज जाऊन आली की राउटर तिघांना नवे पत्ते वाटायचा आणि दुकानातलं बिल जुन्या पत्त्यावर जाऊन हरवायचं. वीज किती वेळा जायची ते विचारूच नये. पत्ते बदलायचे तर खुशाल बदलोत, आपण नावानं हाक मारायची, असं सुरभीनं ठरवलं. पुढच्याला तिनं ‘दुकान’ म्हटलं, मागच्याला ‘गोदाम’ आणि स्वतःच्याला ‘सुरभी’.

इथंच घोडं पेंड खायला लागलं, कारण त्या घरात सुरभी नावाचं कुणी नव्हतं. लग्नात कपिलनं ताटातल्या तांदळावर अंगठीनं ‘कल्याणी’ लिहिलं होतं. सगळ्यांनी तोंड गोड केलं आणि सुरभी त्याच दिवशी संपली. तिला कुणी विचारलं नव्हतं. तिला ते तेव्हाही आवडलं नव्हतं आणि आजही आवडत नव्हतं.

विठ्ठलरावांना पडद्यावर बोट ठेवून मोठ्यानं वाचायची सवय. त्यांनी नावं वाचली आणि चष्मा काढला.

“हे सुरभी कोन?”

“मी, मामाजी.”

“माया घरात कल्याणी हाय.”

संध्याकाळी कपिलनं, वडिलांच्या शब्दाबाहेर कसं जायचं म्हणून, त्या संगणकाचं नाव गुपचूप ‘कल्याणी’ केलं. दुसऱ्या दिवशी दुकानातून एकही बिल निघेना. दुकानातला संगणक बिचारा सुरभीलाच शोधत होता. ओट्यावर माणसं बसून राहिली, कपिलनं दोनतीन खटपटी केल्या आणि नाद सोडला. शेवटी विठ्ठलराव स्वतः मधल्या दारात आले आणि लोक ताटकळलेत, ते सुरू करून दे, असं सुनेला म्हणाले.

“करतो, मामाजी. पन नाव सुरभीच राहीन.”

“दुसऱ्या नावानं चालत नाई का?”

“चालते. तिकडं बी कल्याणी टाकलं का झालं. पन मी नाई टाकत. लग्नानं माया पत्ता बदलला, ते कबूल हाय. नाव काहून बदलाचं?”

विठ्ठलरावांचा चेहरा लाल झाला. ओट्यावरची सगळी माणसं ऐकत होती. ते दुकानात परत गेले. त्याला होकार म्हणावं की नाइलाज, याची सुरभीला फिकीर नव्हती. तिनं आपलं नाव पुन्हा लिहिलं आणि थोड्याच वेळात प्रिंटर खडखडू लागला.

तिची सासू, मथुराबाई, एवढा वेळ भिंतीशी तुरीची डाळ निवडत बसली होती. आता ती सूप घेऊन जवळ सरकली.

“मागच्याले गोदामच म्हनाचं का?”

“दुसरं ठेवू, आत्याबाई?”

“कौतिका ठेव.”

“कौतिका कोन?”

मथुराबाईनं सुपातला खडा वेचला आणि बाजूला टाकला.

“महागावात होती एक. लगन झालं, मंग नाई राह्यली.”

सासूकडे बघायचं सुरभीला धाडस झालं नाही. ती उठून गोदामात गेली आणि तिथल्या संगणकाचं नाव बदलून आली. तोवर मथुराबाई सूप घेऊन स्वयंपाकघरात गेली होती.

दुपारी वीज गेली आणि आली. आता काय होतं ते बघायला विठ्ठलराव पडद्यासमोर बसले आणि बोट ठेवून वाचू लागले. ‘दुकान’ वाचलं. ‘सुरभी’ कसंबसं वाचलं. तिसऱ्या नावाशी बोट अडलं.

“कौतिका,” ते म्हणाले.

स्वयंपाकघरातून ओ आली.