मांदेलीचा पाय आणि जाळ्याची गाठ

मित्रांनो, मी एक जुनी राखणदार कुत्री आहे. कोपरच्या खाडीकाठी एका कोळ्याच्या ओट्यावर मी म्हातारी झाले. अंगावर मांदेली माशासारखी रुपेरी-पिवळी झाक, म्हणून चंद्रभागाआजींनी माझं नाव मांदेली ठेवलं.

तरुणपणी मी होडीच्या पुढे चिखलात उडी घ्यायचे. आजींचे यजमान, गुणाजी, कौतुकानं म्हणायचे, "मासळीच्या टोपलीवर झाकण कशाला? मांदेली बसलेय ना!" आता ते नाहीत. होडी पालथी पडली आहे. आजी मात्र अजून जाळी विणतात आणि मी त्यांच्या पायाशी बसते.

गेल्या थंडीत धक्क्याच्या दगडांत माझा मागचा पाय अडकला. हिसका देऊन सोडवला, पण तो जमिनीला टेकवेना. तीन पायांवर घरी आले आणि चाटत बसले. आजी कळवळल्या. त्यांनी हळद-चुन्याचा लेप लावला, चिंधी गुंडाळली आणि मी ती काढू नये म्हणून वरून जाळ्याचा नायलॉनचा दोरा बांधला. गाठही जाळ्याचीच. त्या हातांना दुसरी गाठ येतच नव्हती. मासा जितका धडपडेल तितकी ती आवळते.

मीही धडपडत होते.

पाय ठणकू लागला. आजींची नात दक्षता कुरवाळायला आली, तशी मी तिच्यावर दात काढले. आजवर असं कधी केलं नव्हतं. तिचे वडील मितेश यांनी मला काठीनं ढकलत जाळ्यांच्या खोलीत नेलं आणि बाहेरून कडी घातली.

आत अंधार होता. भिंतीला जुनी जाळी टांगलेली. दाराच्या फटीतून माझा ओटा दिसायचा, पण तिथे जाता येत नव्हतं. कुणी दार किलकिलं केलं की मी गुरगुरायचे. दुखतं हे सांगायला माझ्याकडे दुसरा शब्द नव्हता.

"आई, ही पिसाळलेय. उद्या कुत्री पकडणारी गाडी बोलावतो, घेऊन जातील," मितेश म्हणाले.

"पिसाळू नये म्हणून सुई टोचलेय रे तिला! आणि तुझी दाढ दुखत होती तेव्हा तू ताट भिरकावलंस. तेव्हा मी बोलावली काय गाडी?"

"आई, ती पोरीवर धावून गेली."

मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात फटीला डोळा लावून बसलेली दक्षता म्हणाली, "आजी, हिच्या त्या पायाची बोटं बघ ना. सुजून फाकलीत. दुसऱ्या पायाची नाय तशी."

आजी आत आल्या. जुन्या लुगड्याची पट्टी माझ्या तोंडाला सैलसर बांधून त्यांनी माझी बोटं चाचपली. मग स्वतःच्या बोटावरचा जुना वळ पाहिला.

"अगं बाय माझे! अंगठी रुतलेली तेव्हा माझं बोट असंच गार पडलेलं. मीच आवळलाय हिचा पाय!"

मितेश वाकले. "थांब, सोडतो."

"ओढू नको! ओढलीस की आणखी रुतेल. कातर आण!"

दोरा तुटला आणि मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

मासळीच्या क्रेटमध्ये गोणपाट घालून, पाय न हलवता, त्यांनी मला रिक्षानं डोंबिवलीला प्राण्यांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर क्षिप्राताईंनी पायाच्या हाडाचा फोटो काढून पाहिला. "हाड शाबूत आहे. पण आणखी उशीर झाला असता तर पाय कापावा लागला असता."

"माझी दुखण्याची गोळी देऊ का हिला अर्धी?" मितेशनी विचारलं.

"मुळीच नको. माणसाची गोळी कुत्र्याला विष होऊ शकते."

परतीच्या वाटेवर आजी माझ्या क्रेटला टेकून बसल्या. त्यांचा हात माझ्या पाठीवर होता.

मित्रांनो, आमच्यापैकी कुणी लंगडताना दिसला, पाय उचलून धरताना, एकच जागा चाटताना दिसला, तर आधी मोठ्यांना हाक मारा. पाय चोळू नका, ओढू नका, घट्ट बांधू नका, डॉक्टरांकडे न्या. आणि गरीब कुत्रं अचानक गुरगुरलं तर लांब उभे राहा, पण त्याला वेडं ठरवू नका. कुठे दुखतंय ते शोधा.

मी आता थोडी लंगडते. आजी जाळं विणताना गाठ ओढतात, त्या आवाजानं माझा पाय आपोआप वर उचलला जातो. मग आजी हातातलं काम थांबवतात, माझ्या गळ्यातल्या पट्ट्याखाली बोट घालून तो सैल आहे ना ते बघतात, आणि मगच पुढची गाठ मारतात.