दाराशेजारची जागा

आर्ट स्कूलच्या दालनात शनिवारी नव्या चित्रकारांची व्याख्यानं होत. त्या शनिवारी आलेल्या चित्रकारानं अख्खा कॅनव्हास तपकिरी रंगवला होता आणि तळाच्या कोपऱ्यात एवढासा लाल ठिपका ठेवला होता. मागची मुलं हसली. तो शांतपणे म्हणाला, "दहा पावलं मागं जा, मग हसा."

कांता दहा पावलं मागं गेली आणि तिथंच खिळली. तो ठिपका तिला कुणी एकटं बसल्यासारखा वाटला.

सरांनी काम दिलं की या चित्राला आपल्या चित्रानं उत्तर द्या, त्यातली निवडक दालनात लागतील. कांताला ते लागायलाच हवं होतं. थोरल्या भावानं, जयवंतनं, बजावलं होतं, "यंदा काही दिसलं तर पुढचं वर्ष. नाहीतर स्थळं बघायला लागतो."

काळाचौकीच्या खोलीत माणसं सहा. दहा पावलं राहू द्या, चौथ्याला चूल पायाला लागे. म्हणून शुक्रवारी दुपारी तिनं चित्र बाहेर चाळीच्या गॅलरीत आणलं, आपल्याच दाराबाहेर खुर्चीवर टेकवलं आणि ती मागं मागं सरकत गेली. दहाव्या पावलाला चित्र उलगडलं. वळकट्या, डबे, भांडी, सगळी खोली तपकिरी, खच्चून भरलेली. आणि दाराशी गोणपाटावर गुडघे जवळ घेऊन बसलेली एक लहानशी बाई, शेजारी तिची वेगळी ताटली. साऱ्या चित्राचा भार तिच्यावर होता.

नळावरून येणाऱ्या सुंदराबाई थबकल्या. "अगो, ही तर तुझी वहिनी. कावळा शिवलेली."

आणखी दोघी जमल्या. त्यांनी चित्र पाहिलं, मग उघड्या दारातून आत पाहिलं. आत, तशाच गोणपाटावर, बुधवारपासून कौसल्या बसली होती. एकीनं तोंडाला पदर लावला. कौसल्येनं मान खाली घातली. उठून आडोशाला जावं, तर एका खोलीत आडोसा कुठला?

कांतानं धावत येऊन चित्र उलटं केलं. त्या जागी तिनं लहानपणापासून आईला पाहिलं होतं, मग वहिनीला. ती स्वतःही बसत होती. दहा फुटांच्या खोलीत काहीच झाकलेलं नसतं. त्यामुळे हे झाकायचं असतं, असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

संध्याकाळी जयवंत मुंबईसह महाराष्ट्र मागणाऱ्या समितीच्या सभेहून आला. घोषणांनी घसा बसलेला. जिन्यातच कुणीतरी त्याचे कान भरले होते.

"घरची बाई अशी साऱ्या मुंबईला दाखवणार तू?"

"मुंबई मिळवायला तूच निघालायस ना, दादा?"

"जीभ आवर. ती बाई पूस. नाहीतर चित्र नि कॉलेज दोन्ही घरीच."

कांता दाराकडे वळली. "वहिनी, तू तरी सांग. राहू दे ना तिला."

कौसल्येनं चित्रातल्या बाईकडे पाहिलं. मग म्हणाली, "पुसा, वन्सं."

"दादाला भिऊन?"

"नाही हो. इथनं मी पाचव्या दिवशी उठते. तिथनं मला कोण उठवणार?"

कांतानं सुरी घेतली. रंग ओला होता, बाई सहज निघाली. गोणपाट आणि ताटली तेवढी उरली.

शनिवारी सर त्या चित्रापुढे बराच वेळ उभे राहिले. "इथं कोण बसतं?"

सगळा वर्ग तिच्याकडे पाहत होता.

"कोणी नाही, सर."

"वा. रिकामी जागा ठेवायला धीर लागतो. हे लावू या."

घरी आली तेव्हा कौसल्या दाराशीच होती. चौथा दिवस.

"लागलं का, वन्सं?"

"लागलं."

"कुणी विचारलं, तिथं कोण बसतं म्हणून?"

"विचारलं."

"मग?"

"कोणी नाही, म्हटलं."

कौसल्येनं मान हलवली आणि तहान लागली म्हणून लोटी पुढं केली. कांतानं तांब्या उंच धरला आणि लोटीला लागणार नाही अशा बेतानं वरून पाणी ओतलं.