ओढणीने धरलेली जागा

घुमी परत जायचं म्हणत होती. इथे परदेशात येऊन अजून दोन महिने झाले नव्हते, थंडीचे बूट नवेकोरे होते, आणि ही म्हणे रविवारी आईला फोन करून सांगणार, मी शिक्षण सोडतेय. घुमी माझी मावसबहीण. घरात हे नाव तिला उगाच पडलेलं नाही. पाहुण्यांसमोर तिने तोंड उघडलं तर पाहुणेच दचकायचे. तिला माझ्या कॉलेजात पाठवायची गळ मावशीला मीच घातली होती, "मी आहे ना तिथे!" असं छातीठोकपणे सांगून. आता मी होते आणि तरी ती चालली होती.

आठवडाभर मी तिचं डोकं खाल्लं. करिअर, जिद्द, स्वतःच्या पायावर उभं राहणं, सगळं ऐकवून झालं. ती नखं बघत ऐकून घ्यायची आणि शेवटी म्हणायची, "ताई, काल दुकानात मी 'पिशवी नको' म्हणाले. दिवसभरात तेवढंच बोलले. उद्या मी दिसले नाही तर कुणाला कळेल तरी का?"

"मला कळेल की!"

"तू सोडून गं."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी रविवारची सहल काढली. उत्तर नसलं की मी सहल काढते. आगगाडीने बंदरापर्यंत, तिथून बोटीने समोरच्या बेटावर, संध्याकाळी परत. सकाळच्या गाडीत इतकी शांतता होती की मी डब्याचं झाकण उघडलं तर शेजारच्या गृहस्थांनी पेपर खाली केला. "ताई, हळू," घुमी कुजबुजली. आता हळू खायचं म्हणजे कसं खायचं, ते तिलाच ठाऊक.

बोटीच्या वरच्या डेकवर काचेच्या आडोशाला एकच बाक होता, वारा न लागणारा. मला तो जिन्यातूनच दिसला. घुमीने कोटावर मावशीची पिवळी ओढणी गुंडाळली होती. ती मी सर्रकन ओढली, बाकावर अंथरली आणि म्हटलं, "झाली जागा. चल, कॉफी आणू."

"इथे चालतं का असं?"

"जागा धरणं जगात सगळीकडे चालतं."

कॉफी घेऊन वर आलो तर बाकावर एक आजीबाई आणि त्यांचे यजमान ऐसपैस बसलेले. ओढणी गायब. माझं डोकं फिरलं. इथली भाषा मला रागात जास्त चांगली येते. "ही आमची जागा आहे. आम्ही धरली होती!"

आजीबाई बिचाऱ्या अर्ध्या उठल्या. "इथे कुणीच नव्हतं हो. कुणाची तरी शाल तेवढी राहिली होती. हरवू नये म्हणून आम्ही लगेच खाली दिली."

तेवढ्यात कर्णा खरखरला. वरच्या डेकवर एक पिवळी शाल सापडली आहे, जिची असेल तिने खालच्या काउंटरवर यावं. थोड्या वेळाने पुन्हा तेच. आजूबाजूची भली माणसं आपापल्या बाकाखाली वाकून बघू लागली. एकाने मला विचारलं, तुमची तर नाही ना? मी ठामपणे नकारार्थी मान हलवली. "उतरताना गुपचूप घेऊ," मी घुमीला म्हटलं.

"आईची आहे ती," घुमी म्हणाली, आपला कप माझ्या हातात कोंबला आणि तरातरा जिना उतरली. दोन हातांत दोन कप घेऊन मी मागोमाग.

काउंटरवरच्या माणसाच्या गळ्यात शिट्टी होती आणि चेहरा हेडमास्तरांचा. "तुमचीच कशावरून?"

"एका टोकाला हळदीचा डाग आहे. पिवळ्यावर पिवळा, नीट बघा. दुसऱ्या टोकाला रफू आहे, आईने केलेलं. वाकडं."

त्याने उजेडात धरून दोन्ही टोकं पाहिली. "बरोबर. मग टाकून का गेलात?"

आता ही मूग गिळून बसणार, असं मला वाटलं. पण घुमीने माझ्याकडे बोट दाखवलं. "या माझ्या बहिणीमुळे! आमच्याकडे बसच्या खिडकीतून आत रुमाल टाकतात. मग ती जागा त्या माणसाची. तो नंतर सावकाश चढतो."

"आणि दुसरं कुणी बसलं तर?"

"भांडण."

"रुमालावरून?"

"रुमाल म्हणजे माणूसच हो. येतोच म्हणून सांगून गेलेला."

शिट्टीवाला इतका मोठ्याने हसला की रांगेतले लोक वळले. त्याने तिकिटं तपासणाऱ्या बाईला हाक मारली आणि घुमीला सगळं पुन्हा सांगायला लावलं. घुमीने सांगितलं. रुमाल कसा फेकतात, तेही करून दाखवलं. मी कॉफी प्यायचं विसरले. शेवटी दोन्ही कप गार.

वर येऊन तिने आजीबाईंची माफी मागितली, माझ्या वतीने. त्यांनाही रुमालाची गोष्ट सांगून झालीच. आजीबाई बेटावरच राहणाऱ्या निघाल्या. दिवसभर त्यांनी आम्हाला गल्लीबोळ फिरवले, चहा पाजला आणि निघताना घुमीला आपादमस्तक न्याहाळून म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी सफरचंदं उतरवायची आहेत. आम्ही दोघंही बुटके. येशील?" घुमी म्हणाली, येईन. मला कुणी विचारलं नाही, पण माझी मोहीम फत्ते झाली होती.

असं मला परतीच्या गाडीत बसेपर्यंत वाटत होतं. गाडी सुटली आणि घुमीने फोन काढला. आईला सांगायचा रविवार हाच होता.

मावशी फोनवर शेजारच्या गावाला ऐकू जाईल असं बोलते, त्यामुळे मला सगळं कळत होतं. ओढणीचा किस्सा ऐकून ती खळखळून हसली. मग घुमी म्हणाली, "आई, मला इथे करमत नाही. परत यावंसं वाटतं."

मी हातवारे करत होते, फोन दे म्हणून. मावशीला समजवायला माझ्याकडे पाच मुद्दे तयार होते.

"मग ये की," मावशी म्हणाली. "त्यात विचारायचं काय? घर तुझंच आहे."

घुमीचे डोळे भरून आले.

"कधी येतेस?" मावशीने विचारलं.

"आत्ता नाही गं. शनिवारी जायचंय एकीकडे."

"बरं. आणि नंतर?"

"नंतर बघू. वाटलं तर येईन."

"ये. केव्हाही ये."

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. आठवडाभर मी तिला थांब, थांब म्हणत होते, आणि तिला एकदा कुणीतरी ये म्हणायला हवं होतं. फोन ठेवून घुमीने माझा खांदा हलवला.

"ताई, तू का रडतेस?"

"मला असं कुणी म्हणालं नाही."

"तू कधी सांगितलंस का माझ्या मावशीला, करमत नाही म्हणून?"

तीन वर्षांत एकदाही नाही. आईला मी दर रविवारी सांगते, मी मजेत आहे. मी नाक पुसलं आणि आईला फोन लावला.