नानाजींच्या खाटेवरचा दोरा

"सरकला! दोरा सरकला जी!" शेजारची रुखमाबाई किंचाळली, तशी अंगणातली गर्दी दारावर कोसळली. चार गावची माणसं फाल्गुनाच्या उन्हात तिष्ठत उभी होती.

आत खाटेवर नानाजी. पोटातल्या गाठीनं माणूस पार वाळून गेलेला. त्यांच्या बाजूनं, उशापासून पायथ्याकडे, खाटेच्या दांडीला सात पदरी सुताचा एक दोरा ताणून बांधलेला. रोज सकाळी झाडफूक करणारे महाराज तो पायथ्याकडून सोडत, शालीखाली घेत, मंत्र पुटपुटत आणि पुन्हा बांधत. दोरा रोज दोन बोटं आखूड! जिथं पोचेल तिथं शेंदराचा टिळा.

"दोऱ्याची लांबी तेवढीच रोगाची लांबी," महाराज गरजले. "अजून दहा दिवसांत नानाजी नांगर धरन! पन पान्याचा थेंब नाई पाजायचा. पान्यानं दोरा सैल पडते. दवाखान्याची बाटली तं उंबऱ्याच्या आतच नाई आनायची."

नेम म्हणून रोज एक कोंबडा. रोग दोन बोटं घटत होता, खुराड्यातले कोंबडे त्याहून भराभर.

नानाजींची लेक भागीरथा सासरची कापणी टाकून आली होती. तिनं महाराजांचे पाय उगाच धरले नव्हते. आधी तिनं दवाखान्यातल्या गुलाम रसूल कंपाउंडरला विचारलं होतं. तो खाली मान घालून म्हणाला होता, "बाई, गाठ बरी करायचं औषध माझ्यापाशी नाई. चांद्याच्या मोठ्या दवाखान्यातबी नाई. दुखनं कमी करायचं हाय, ते देतो. आन पानी पाजत राहा." कोणती लेक असं ऐकून घेईल? तिनं त्याच्या तोंडावर दार लावलं. खरं बोलणारा दाराबाहेर राहिला आणि दोरेवाला आत आला.

पाचव्या दिवशी रसूल न बोलावता सायकल ढकलत आला.

"हा आला काम बिघडवाले!" महाराज भडकले.

"मी कायले बिघडवू, महाराज? बाई, तुमच्या बाची जीभ एकडाव पाहा. बस."

भागीरथानं पाहिलं. जीभ झाडाच्या सालीसारखी झाली होती. तेवढ्यात नानाजींनी हात उचलला. अंगठा बोटांवर घासत राहिले. कालपासून त्यांचं हेच चाललं होतं.

"तंबाखू मागते म्हातारा," रुखमाबाई म्हणाली.

"बाधा बोटातून निघून राह्यली!" महाराज म्हणाले.

भागीरथा मात्र त्या अंगठ्याकडे पाहतच राहिली. अंगठा एकाच दिशेनं फिरत होता. गावातल्या निम्म्या बैलांचे दोर याच हातानं वळले होते. लहानपणी अंबाडीच्या दोराचं दुसरं टोक धरून ती अंगणाच्या पार तिकडे उभी राहायची. बा पीळ देत जायचा, दोर आखूड व्हायचा, आणि ती हसत हसत पाऊल पाऊल त्याच्याकडे ओढली जायची.

ती ताडकन उठली. पायथ्याची गाठ सोडली आणि टोक मोकळं सोडलं. दोरा भिंगरीसारखा गरगर फिरला. पीळ उतरला. तिनं तो हातानं सरळ केला, तर पाचही टिळे ओलांडून पायथ्याच्या मूळ जागी पोचला.

दारातली माणसं वाकून टिळे मोजू लागली.

"शालीखाली पीळ देत होता हा!" गावातला म्हातारा कोलू कपाळावर हात मारून म्हणाला. "आपन सारे दोर वळनारे, घरोघरी अंबाडी, आन एकाच्याबी ध्यानात नाई आलं!"

"देव कोपन!" म्हणत महाराज उठले. गर्दीनं त्यांना वाट दिली. हात मात्र कुणी जोडले नाहीत.

भागीरथानं कापसाची वात पाण्यात बुडवून बापाच्या ओठाला लावली. तो ती लहान लेकरासारखी चोखू लागला. दुसरी वात. तिसरी. मग रसूलनं औषधाचे थेंब दिले.

"बा, तुले समजलं होतं?"

नानाजींनी मान हलवली.

"पह्यल्याच दिवशी?"

पुन्हा मान.

"मंग काऊन नाई सांगतलं रे?"

"तू... दोरा पाहून हसून राह्यली होती," ते म्हणाले. "मंग... तहान नाई सोसली... म्हनून अंगठा फिरवला."

भागीरथानं पदर तोंडात कोंबला.

त्यानंतर नानाजी आठ दिवस जगले. थेंब थेंब पाणी पीत, औषधानं डोळा लागला की शांत निजत, जागे असले की लेकीला पाटात पाणी कधी सोडायचं ते सांगत. नवव्या दिवशी दुपारी, तिच्या मांडीवर, कण्हल्याशिवाय गेले.

तेराव्याला बाया कुजबुजल्या, "नेम मोडला म्हनून गेला."

भागीरथा पत्रावळींवर वाढता वाढता थांबली.

"नेमानं वाचत नव्हता, आन नेम मोडून मेला नाई. पोटातल्या गाठीनं मेला. मरन मले थांबवता येत नव्हतं, बायांनो. तहान थांबवता येत होती. घागर हाताशी होती, तरी मी पाच दिवस दोराच पाहात बसली. तुमच्या घरी कोनी खाटेवर असन, तं आधी त्याच्या तोंडाकडे पाहा, त्याले इचारा, काय पाह्यजे म्हनून. आन कोनी म्हनलं का पानी देऊ नका, तं त्याले इचारा, काऊन? जवाब भेटेपर्यंत पानी पाजत राहा."